जेजुरीचा मर्दानी दसरा आणि सासवडची सीताफळं: पुण्याहून एका दिवसात कसं करायचं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातली बहुतेक माणसं सुट्टी संपली म्हणून कामाला लागतात, आणि नेमकं त्याच सकाळी ५० किलोमीटरवर जेजुरीच्या खंडोबाच्या गडावर तरणी पोरं आणि चाळिशी-पन्नाशीतले गडीही मणाचा खंडा, म्हणजे देवाची अवजड तलवार, एका हातात तोलून धरत असतात. मला विचाराल तर शरदातली एक दिवसाची सहल करायची तर ती हीच. कारण यात सण आहे, गडाच्या पायऱ्या आहेत, सीताफळाचा ऐन हंगाम आहे, पाऊस नुकताच सरल्यामुळे घाट हिरवा आहे आणि संध्याकाळी घरी परत येता येतं. फक्त याची आखणी नेहमीच्या पिकनिकसारखी करून चालत नाही. देवाची पालखी कधी निघते आणि कधी परतते त्याच्याभोवती दिवस बांधायचा आणि खाणं, बाजार, बाकीची ठिकाणं त्यात बसवायची, उलटं करायला गेलात की नुसती गर्दी बघून परत याल.

तर आता क्रमाने सगळं सांगते, थोडं लांबेल पण घाई करू नका.

आधी दिवस ठरवा, कारण सगळं त्यावर आहे

दसरा म्हणजे अश्विन शुद्ध दशमी, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ऑक्टोबरला, २०२५ ला थेट २ ऑक्टोबरला. म्हणजे "ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊ" असलं काही ठरवू नका, कालनिर्णय काढा आणि दशमी कधी आहे ते बघून ऑफिसात रजा टाका. तारखेचा हवेशीही संबंध आहे, दसरा लवकर आला तर परतीच्या पावसाची सर हमखास असते, उशिरा आला तर ऑक्टोबरचं ऊन असतं आणि दहानंतर दगडी पायऱ्या पायाला चटके देतात.

दिवस निवडायचे तीन पर्याय आहेत, तिन्ही चांगले आहेत पण वेगवेगळ्या माणसांसाठी.

पहिला म्हणजे दसऱ्याची दुपार आणि संध्याकाळ. नवरात्रातले घट उठल्यावर संध्याकाळी, साधारण सहाच्या सुमाराला, देवाची पालखी सीमोल्लंघनासाठी गडावरून निघते, बंदुकीच्या फैरी झडतात, भंडाऱ्याने सगळं आसमंत पिवळं होतं. पालखी गड उतरली की तुम्हीही उतरून परत फिरू शकता. अडचण एवढीच की घरी आपट्याची पानं द्यायला येणारे-जाणारे असतात, ज्येष्ठांच्या पाया पडायचं असतं, आणि ते सोडून जाणं सगळ्यांना जमत नाही, जमवूही नये.

दुसरा म्हणजे रात्रभर थांबणं. गडाची पालखी आणि वरच्या कडेपठारची, म्हणजे जुन्या गडाची, पालखी डोंगराच्या मधल्या दरीत, रमणा म्हणतात त्या जागेजवळ, मध्यरात्र उलटून गेल्यावर भेटतात. ही देवभेट, त्या वेळचं दारूकाम, अंधारात दरीतून जाणाऱ्या दिवट्या, हे बघितलेला माणूस विसरत नाही. पण वाट खडबडीत आहे, अंधार आहे, गर्दी आहे, त्यामुळे लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांना घेऊन अजिबात नको. आणि ती काही मग एक दिवसाची सहल राहत नाही.

तिसरा म्हणजे एकादशीची सकाळ, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. रात्रभर फिरून पालखी गावातून परत गडावर येते, सेवेकऱ्यांना धान्याचा रोजमारा वाटतात आणि मग खंडा उचलायच्या आणि कसरतीच्या स्पर्धा होतात. पुण्याहून पहाटे निघून हे सगळं गाठता येतं. म्हणून हा लेख याच दिवसावर बेतलाय.

एक चौथंही सांगून ठेवते. घरात आजी-आजोबा असतील किंवा तान्हं बाळ असेल तर नवरात्रातला एखादा मधला साधा वार निवडा, रविवार टाळा. दर्शन निवांत होतं आणि सासवडचा सकाळचा बाजार पण मिळतो, जो एकादशीच्या प्लॅनमध्ये हुकतो. त्याबद्दल पुढे सांगतेच.

जायचं कसं

सरळ रस्ता म्हणजे हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी. पुण्यापासून सासवड तीसेक किलोमीटर आणि तिथून पुढे जेजुरी सतरा-अठरा. हा आळंदी-पंढरपूर पालखीचा मार्ग आहे, माऊलींच्या पालखीचे सासवड आणि जेजुरी दोन्हीकडे मुक्काम असतात. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर घाट मोकळा असतो. घाट चढताना वडकीच्या बाजूला खाली मस्तानी तलाव दिसतो, पण पहाटे अंधारात काही दिसणार नाही, ते परतताना बघा, तेही गाडी वळणावर उभी न करता.

कोंढव्याकडून येणाऱ्यांनी बोपदेव घाट धरावा, तोही सासवडलाच उतरतो. आणि वाघोली, मांजरी, लोणी काळभोर त्या बाजूला राहत असाल तर उरुळी कांचनवरून शिंदवणे घाटाने वाघापूर करत जेजुरीला निघता येतं, दिवे घाट तुंबला असेल तेव्हा हा रस्ता खरंच कामाला येतो.

एसटी स्वारगेटवरून मिळते. जेजुरी, मोरगाव, नीरा या बाजूच्या गाड्या विचारा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे चार-पाच जणींचा ग्रुप असेल तर एसटीने जाणं स्वस्तही आणि पार्किंगची कटकटही नाही. आजी-आजोबांचं आधार कार्ड मात्र सोबत ठेवा.

रेल्वेनेही जाता येतं, जेजुरी स्टेशन पुणे-मिरज लाइनवर आहे. पण एक नीट लक्षात ठेवा, याच लाइनवर "सासवड रोड" नावाचं स्टेशन आहे आणि नवीन माणूस हमखास फसतो, ते स्टेशन फुरसुंगीच्या बाजूला आहे, सासवड गाव तिथून घाट चढून वीसेक किलोमीटर लांब. सासवड बघायचं म्हणून तिथे उतरू नका. आणि गाड्यांच्या वेळा बघा, खंड्याच्या वेळेआधी पोचवणारी गाडी नसेल तर एसटी किंवा स्वतःची गाडी बरी.

स्वतःची गाडी असेल तर गडाच्या पायथ्यापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. यात्रेच्या दिवशी पोलीस गाव सुरू व्हायच्या आधीच वळवतात. जिथे लावायला सांगतील तिथे लावायची, तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि एक किलोमीटर चालायचं. चालत जाताना जो बाजार दिसतो तो निम्मी जत्रा आहे.

सोबत काय घ्यायचं

कपडे जुने, सुती, फिक्या रंगाचे. नवीन पैठणी, दसऱ्याला घेतलेला नवा कुर्ता हे घालून जाऊ नका, भंडारा अंगावर पडणारच आहे आणि तो पडू नये अशी इच्छा असेल तर जेजुरीला जाण्यात अर्थ नाही. डोळ्यांना साधा चष्मा किंवा गॉगल असू द्या, कारण वरून मुठीने उधळलेली हळद डोळ्यात गेली की अर्धा तास काही सुचत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्स घरी ठेवावी. दमा असेल तर मास्क आणि पंप खिशात, आणि उधळण चालू असताना चौकात मधोमध उभं न राहता तटाच्या कडेला थांबा.

फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला. बारीक पूड चार्जिंगच्या भोकात बसली की काढणं अवघड. पाणी माणशी निदान एक लिटर, पॉवर बँक, थोडे सुट्टे पैसे (यूपीआय सगळीकडे चालतं पण गर्दीत नेटवर्क गळपटतं), एक जुनी चादर गाडीच्या सीटवर टाकायला, आणि दोन-तीन कापडी पिशव्या सीताफळांसाठी.

भंडारा घरून न्यावा असं माझं ठाम मत आहे. भंडारा म्हणजे हळद, आणि पायथ्याशी ढिगाने मिळणारी सगळीच पिवळी पूड हळद असते असं नाही. घरची किंवा ओळखीच्या गिरणीतली हळद पाव किलो पिशवीत बांधून न्या, ती कपाळाला लावायला, मुलांच्या डोळ्या-नाकाला, सगळ्यालाच सुरक्षित. खोबरं मात्र तिथे घेतलं तरी चालतं. उधळायला न्याल तेव्हा बारीक तुकडे करून न्या, मोठी वाटी उधळू नका, कुणाच्यातरी डोक्यात बसते.

डब्यात काय न्यायचं? दसऱ्याला घरी पुरणपोळी केली असेल तर तीच, शिळी पुरणपोळी दुसऱ्या दिवशी तुपाबरोबर जास्त लागते आणि प्रवासात टिकते. बऱ्याच घरी श्रीखंड-पुरीचा बेत असतो, त्यातल्या पुऱ्या न्या आणि बरोबर बटाट्याची सुकी भाजी करा, श्रीखंड उन्हात नेऊ नका.

गडावर

शक्यतो सहा-साडेसहाला जेजुरीत पोचा. टॉयलेटचं काम सासवडमध्ये किंवा वाटेत एखाद्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने उरकून घ्या, गडाच्या आसपास यात्रेच्या दिवशी ते फार गैरसोयीचं असतं, बायकांसाठी तर जास्तच.

चपला पायथ्याशी ज्या दुकानातून खोबरं-फुलं घ्याल तिथेच ठेवा. गडाला नवलाख पायरी म्हणतात, म्हणजे तेवढे दगड या बांधकामात लागले असं सांगतात, प्रत्यक्ष चढण निवांत अर्ध्या तासात होते. वाटेत दगडी कमानी आणि दीपमाळा आहेत, त्यांच्या आडोशाला थांबत थांबत चढा. अर्ध्या वाटेवर बानूबाईचं मंदिर लागतं, तिथे सगळ्यांनी एकत्र यायचं आणि पुढेही कुणी चुकलं तर इथेच येऊन थांबायचं असं आधीच ठरवून टाका, कारण वर फोन लागेलच याची खात्री नाही. नवीन लग्न झालेली जोडपी दिसतील, नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या अशी रीत आहे, आणि आजूबाजूचे सगळे मिळून "येळकोट येळकोट जय मल्हार" ओरडत त्यांना जोर देतात.

वर गेल्यावर देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव आहे. तिथे तळी भरतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून पाच जणांनी मिळून ते "सदानंदाचा येळकोट" म्हणत वर उचलायचं. तुमच्याकडे घरी तळी भरतात तर इथे जरूर भरा, आणि तुमच्यात नसेल तर शेजारी जे भरत असतील त्यांना हात लावू का म्हणून विचारा, मला तरी कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही. पाचवा माणूस कमी पडला की ते स्वतःच हाक मारतात.

दर्शनाची रांग लांब असेल आणि खंडा पण बघायचा असेल तर घड्याळ बघा. पालखी आत आली असेल तर आधी खंडा, मग दर्शन. दर्शन दिवसभर चालू असतं.

खंडा बघताना

हा खंडा साधारण ४२ किलोचा आहे, पानसे सरदारांनी देवाला वाहिलेला. स्पर्धा सकाळी सात-आठच्या आसपास सुरू होतात पण पालखी परतायला उशीर झाला की पुढे जातात, त्यामुळे खाली उतरणाऱ्या सेवेकऱ्यांना किंवा दुकानदाराला "पालखी आली का वर?" एवढं विचारलंत की कळतं. कुठल्याही बातमीतली मागच्या वर्षीची वेळ धरून बसू नका.

दोन प्रकार बघायला मिळतात. एकात मूठ धरून हात लांब करायचा आणि खंडा जास्तीत जास्त वेळ तोलून धरायचा, दुसऱ्यात कसरती, म्हणजे गरगर फिरवणं, दातात धरून उचलणं. बघणाऱ्याला कसरती आवडतात पण खरी ताकद पहिल्यात आहे. ४२ किलो छातीशी धरणं वेगळं आणि हात सरळ ताठ ठेवून धरणं वेगळं, मनगट आणि खांदा दोन्ही थरथरायला लागतात ते लांबून पण दिसतं. पुढे जागा मिळाली तर त्या थरथरीकडे बघा, म्हणजे सेकंद मोजताना गर्दी एवढी का गप्प होते ते समजतं. गावातली घरंच्या घरं यात भाग घेतात, बापानंतर पोरगा येतो, आणि तयारी वर्षभर तालमीत चालते.

मुलांना खांद्यावर घेऊन पुढे घुसू नका. तटाच्या बाजूला, ओवऱ्यांच्या पायऱ्यांवर उंच जागा शोधा, तिथून सगळं दिसतं आणि उधळण झाली तरी श्वास घ्यायला हवा असते. व्हिडिओ काढा पण फ्लॅश लावू नका, समोर माणूस एवढं वजन उचलून उभा आहे.

ज्यांना दम आहे त्यांनी इथून कडेपठारला जावं, तो जुना गड म्हणतात, चढ जास्त आहे, जाऊन-येऊन अडीच-तीन तास धरा. पण एकाच दिवसात कडेपठार आणि सासवड दोन्ही नीट होत नाहीत, एकच निवडा. पहिल्यांदा जाताय तर माझं मत सासवडला.

खाली उतरून पोटाचं बघा

दहा ते बारा या वेळात जेजुरीतली सगळी हॉटेलं भरलेली असतात. त्यामुळे एकतर नऊच्या आत नाश्ता उरका, नाहीतर घरची पुरणपोळी एखाद्या झाडाखाली बसून खा आणि जेवण सासवडला ढकला. गरम तेलातून समोर काढलेली भजी किंवा वडा घ्या, सकाळी तळून परातीत रचून ठेवलेलं नको. पिठलं-भाकरी-ठेचा मिळतो तिथे तव्यावर भाकरी पडताना दिसली तरच बसा. बर्फ घातलेलं सरबत आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळं या दिवशी टाळाच, लाखभर पाय फिरलेल्या रस्त्याची धूळ त्यावर बसलेली असते.

नवरात्रात गेलात तर साबुदाण्याची खिचडी, वडे, भगर-आमटी जागोजागी असते कारण निम्मी लोकं उपाशी असतात. एकादशीला पण उपवासाचं मिळतंच.

खंडोबाचा म्हणून वांग्याचं भरीत आणि रोडगा कुठे मिळेल असं बरेच जण विचारतात. तो नैवेद्य चंपाषष्ठीचा, मार्गशीर्षातला. जुन्या वळणाच्या घरांत चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असतं आणि ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतं. दसऱ्याला हॉटेलात भरीत मिळालं तर खुशाल खा, पण देवाचा नैवेद्य म्हणून दसऱ्याला मान पुरणपोळीचा.

घरी न्यायला रेवड्या, गोडीशेव, बत्तासे, फुटाणे, चुरमुरे घ्या. रेवडी घेताना एक दाबून बघा, कडक वाजली तर ताजी, चिवट लागली तर पावसाळी हवेत सादळलेली आहे.

गावाबाहेर पडायच्या आधी होळकर तलाव आणि त्याच्या बाजूचं मल्हार गौतमेश्वर मंदिर, म्हणजे मल्हारराव होळकरांचं स्मारक, हे अर्ध्या तासात बघून होतं. जत्रेच्या दिवशी पण इथे बरीच शांतता असते आणि मुलांना पाय मोकळे करता येतात.

सासवड, दुपारनंतर

बाराच्या सुमाराला जेजुरी सोडा. सासवडला जेवा, इथे गर्दी कमी असते, साध्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि पालेभाजी किंवा मटकीची उसळ मागा.

जेवल्यावर संगमेश्वर. कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावर हे देऊळ आहे आणि शरदात जायचं कारण म्हणजे नदीला पाणी असतं, उन्हाळ्यात गेलात तर नुसते दगड दिसतात. घाटाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात, शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडलाच वारले, त्यांची समाधीही या गावातच आहे. मग सोपानकाकांची समाधी, ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ. आषाढी वारीसाठी इथून सोपानकाकांची पालखी निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, दसऱ्यानंतर मात्र मंडपात शांत बसता येतं. वेळ उरला तर नारायणपूरच्या रस्त्यावर चांगावटेश्वर आहे, उंचावरचं दगडी देऊळ, कोरीव खांब नीट बघण्यासारखे आहेत. आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोढीत पण याच भागातलं, १८९८ चा जन्म. पण एवढं सगळं एका दुपारी कोंबू नका. संगमेश्वर आणि सोपानकाका पुरे.

सीताफळं, आणि ती घ्यायची कशी

माझ्यासाठी या सहलीचा अर्धा जीव इथे आहे. पुरंदर तालुका कोरडा, माळरानाचा, मुरमाड जमिनीचा. सीताफळाला नेमकं हेच मानवतं, म्हणून दिवे, सासवड, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर बागाच बागा आहेत. पावसाळी बहराचं फळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला भरात असतं. कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्रही याच तालुक्यात जाधववाडीला आहे आणि "फुले पुरंदर" ही जात तिथलीच.

सासवडचा फळबाजार सकाळचा असतो. शेतकरी पहाटे तोडलेला माल पाट्या आणि क्रेटमध्ये घेऊन येतात आणि दोन-तीन तासांत तो मुंबई-पुण्याला रवाना होतो. म्हणून वर म्हटलं की नवरात्रातल्या साध्या दिवशी जात असाल तर सातच्या आत आधी सासवडच्या बाजारात जा, क्रेट गाडीत टाका आणि मग जेजुरी. एकादशीच्या प्लॅनमध्ये बाजार संपलेला असतो, तेव्हा परतीच्या वाटेवर दिवे गावाच्या आसपास रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायका असतात त्यांच्याकडून घ्या. बऱ्याच जणी स्वतःच्या बागेतलाच माल आणतात. "घरचंय का मावशी?" म्हणून विचारा, बाग कुठे, कधी तोडलं, याची उत्तरं पटपट आली की समजायचं. घासाघीस पाच-दहा रुपयांसाठी करू नका, उन्हात दिवसभर बसलेलं माणूस आहे.

फळ बघायचं ते डोळ्यांवरून. डोळे म्हणजे सालीवरचे उंचवटे. ते मोठे, पसरट झालेले हवेत आणि दोन डोळ्यांमधली फट पिवळसर-पांढरी दिसायला हवी. डोळे लहान, दाटीवाटीचे, फटी हिरव्यागार, असं फळ कोवळं तोडलेलं असतं आणि ते घरी कितीही दिवस ठेवा, पिकत नाही, काळं पडून वाळतं. बाहेरून काळे डाग थोडे असले तर हरकत नाही, देठाजवळ ओलसर काळपट असेल तर नको.

विकणारीला सांगा की कधी खायचंय. आजचं, उद्याचं, परवाचं असं ती स्वतः वेगळं काढून देते आणि यात त्या बायका सहसा चुकत नाहीत. आजचं म्हणजे बोटाने हलकं दाबलं की दबणारं, ते मांडीवर ठेवून न्या, पिशवीत तळाशी गेलं की लगदा होतो. कडक फळं कागदात गुंडाळून किंवा क्रेटमध्ये पेंढा असेल तर त्यातच राहू द्या, खोलीच्या हवेत दोन ते चार दिवसांत पिकतात. कडक असताना फ्रीजमध्ये घालू नका, पिकायचं थांबतं आणि साल काळी पडते. पिकल्यावर एखादा दिवस फ्रीज चालतो.

"गोल्डन" म्हणून मोठं, देखणं फळ पण मिळतं, बिया कमी, टिकतं जास्त. पाहुण्यांना द्यायला ते छान. चवीला मला गावरानच आवडतं, बिया जास्त असल्या तरी.

अंजिराबद्दल एक सांगते कारण पुरंदरचं अंजीर नावाजलेलं आहे, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं. पण ताज्या अंजिराचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, दसऱ्याला बागेतलं ताजं अंजीर मिळेल या आशेने जाऊ नका. त्यासाठी मार्चमध्ये वेगळी चक्कर मारा.

झेंडूची शेतं मात्र घाटाच्या वर दोन्ही बाजूंना पिवळी-केशरी पसरलेली असतात. फुलं घ्यायची तर दसऱ्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत, थेट बांधावर. एकादशीला उरलेला माल असतो आणि शेतकऱ्याला त्याचे काहीच पैसे येत नाहीत, चांगली फुलं दिसली तर दोन किलो जास्तीची घ्या, पाकळ्या वाळवून ठेवल्या की दिवाळीच्या रांगोळीला होतात. फोटोसाठी शेतात शिरायचं असेल तर मालकाला विचारा आणि सरीतनंच चाला.

परत येताना

चार-साडेचारला सासवड सोडा. सहानंतर दिवे घाटात जेजुरीवरून परतणारी सगळी वाहनं एकत्र येतात आणि हडपसरपर्यंत रांग लागते. उशीर झालाच तर सिंहगड रोड, कात्रज, वारजेकडच्यांनी सासवडवरून नारायणपूर, कापूरहोळ करत साताऱ्याच्या हायवेला लागावं, किलोमीटर वाढतात पण गाडी चालत राहते. वाटेत नारायणपूरला दत्ताचं दर्शनही होतं.

घरी पोचल्यावर कपडे लगेच पाण्यात टाकू नका. आधी गच्चीत किंवा बाल्कनीत कोरडेच जोरात झटका, जेवढी हळद झटकून जाईल तेवढी जाऊ द्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो, पण तो साबणातल्या क्षारामुळे होतो. साध्या पाण्यात दोनदा खळबळून मग धुवा आणि कडक उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन उन्हांत बराचसा जातो. केसांतली पूड पण आधी कोरडी विंचरून काढा, मग तेल लावा, मग धुवा.

आणि कडक घेतलेली सीताफळं कोजागरीला बरोबर तयार होतात, एकादशीनंतर चार दिवसांनीच पौर्णिमा असते. दूध आटवून साखर घालून पूर्ण गार करा, गर बिया काढून वेगळा ठेवा आणि अगदी वाढायच्या आधी गार दुधात मिसळा. गरम दुधात घातलात किंवा गर घालून उकळलंत तर बासुंदी कडवट होते. बिया मिक्सरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका, त्या विषारी असतात. गर काढायला चाळणीवर हाताने घासणं हाच उपाय आहे, वेळ लागतो, दोघांनी मिळून बसा.